एका माणसाची रेघ

गल्लीत त्याला फ्यूज म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते कुणाला आठवत नव्हतं, पण का ठेवलं हे विचारायची वेळ कधी कुणावर आली नाही. दुकानात पाय ठेवून "जरा बघता का" एवढं म्हटलं तरी तो उडायचा. उडायचा, आणि पाच मिनिटांनी मान खाली घालून निगुतीनं काम करून द्यायचा. गिटारचे अँप, म्हणजे तिचा आवाज मोठा करणारी खोकी, दुरुस्त करणारा त्याच्या तोडीचा माणूस शहरात दुसरा नव्हता. म्हणून लोक आधी बोलणी खायचे आणि मग अँप ठेवून जायचे.

त्याला सगळ्यात जास्त राग यायचा तो एकाच तक्रारीचा. कुणीतरी वादक अँप टेबलावर ठेवायचा आणि चाचरत म्हणायचा, "बिघाड असा काही नाही हो. पण याचा आवाज रोज वेगळा लागतो. काल मऊ होता, आज पत्र्यासारखा." झालं! फ्यूजच्या तळपायाची आग मस्तकात जायची. "अँप तोच, बटणं तिथंच, मग आवाज बदलतो तो कसा? वीज कमीजास्त होते. हवा दमट असते. आतले काचेचे व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो. आणि या सगळ्याच्या वर तुमचे कान! सर्दी झाली, जागरण झालं, बायकोशी वाजलं, की लगेच अँपचा आवाज वेगळा. नाचता येईना अंगण वाकडं!" असा अँप तो आठवडाभर फळीवर ठेवायचा, फडक्यानं पुसायचा आणि आत स्क्रूड्रायव्हरही न घालता परत द्यायचा. "वा, आता कसा बोलतोय!" म्हणत गिऱ्हाईक खूश होऊन जायचं. फ्यूज ते सगळं बायकोला रंगवून सांगायचा आणि एकटाच हसायचा.

तीच तक्रार त्याच्या घरातून आली तेव्हा मात्र त्याला हसू आलं नाही.

मुलगी एकुलती एक. लहानपणापासून अंगानं बारीक आणि स्वभावानं चिवट, म्हणून घरात तिला मुंगी म्हणत. दुकानामागच्या खोलीत ती रोज चार-चार तास गिटार वाजवायची, तेही बापानं स्वतःच्या हातानं बांधलेल्या अँपवर. ती बारा वर्षांची झाली तेव्हा त्यानं तो बांधला होता. खोक्याचं लाकूड त्यानं तासलं होतं, आतला एकूण एक सांधा त्यानं डागला होता. आणि गेल्या वर्षी ही पोरगी त्याला म्हणाली होती, "बाबा, याचा आवाज रोज वेगळा असतो." तो इतका ओरडला होता की शेजारचा शिंपी मशीन थांबवून बाहेर आला होता.

त्यानंतर तिनं पाच तुकडे रेकॉर्ड करून दूरच्या शहरातल्या संगीत महाविद्यालयात पाठवले. तिथं वर्षाला आठच जणांना घेत. उत्तर दोन ओळींचं आलं. वादन उत्तम आहे, पण पाच तुकडे पाच वेगवेगळ्या अँपवर वाजवल्यासारखे वाटतात, सातत्य नाही. मुंगीनं ते पत्र बापाच्या टेबलावर, सोल्डरिंगच्या सळईशेजारी ठेवलं. वयाची अट होती. या वर्षी शेवटची संधी होती, आणि तुकडे महिनाअखेर पोचायला हवे होते.

महिन्याच्या पहिल्या तारखेला ती दुकानात आली आणि टेबलासमोर उभी राहिली.

"बाबा, तो अजून तसाच करतोय."

"कान तपासून घे."

"सकाळचा तुकडा आणि दुपारचा तुकडा जुळत नाही. बटणाला हात लावलेला नाही."

"मग हात जुळत नसेल तुझा."

"मी गिऱ्हाईक नाही," मुंगी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण नाकपुड्या थरथरत होत्या. त्या नाकपुड्या थेट बापाच्या होत्या. "मला आठवडाभर फळीवर ठेवून, पुसून परत देऊ नका."

हे त्याला झोंबलं. मिरचीसारखं झोंबलं. पोरीला खोटं पाडायचंच या इरेनं त्यानं त्याच दिवशी एक नवी वही काढली.

काम करायचं तर चोख, ही त्याची खोड होती. त्यानं अँपची सगळी बटणं एका जागी ठेवून त्यांच्यावर बायकोच्या नेलपॉलिशचे थेंब टाकले, म्हणजे केसभर जरी कुणी फिरवलं तरी थेंब तडकावा. अँप ज्या चौरंगावर होता त्याच्यावर खडूनं अँपच्या पायांच्या खुणा केल्या. एकच ठरावीक स्वर काढणारं यंत्र अँपला जोडलं आणि तीन पावलांवर आवाज मोजायचा काट्याचा मीटर मांडला. रोज सकाळी अकराला आणि दुपारी चारला स्वर लावायचा, काटा कितव्या रेघेवर थांबतो ते लिहायचं, शेजारी विजेचा दाब, खोलीतली उष्णता, हवेतला दमटपणा. मोजताना खोलीत दोघंच, तो आणि मुंगी. दुसऱ्याच दिवशी त्याची बायको चहा घेऊन आत आली आणि काटा एक रेघ खाली गेला, तेव्हा तो तिच्यावरही उडाला.

"अगं, बाहेर हो! माणूस आवाज पितो!"

"मी चहा आणलाय, तुमचा आवाज प्यायला नाही आले," ती म्हणाली आणि कप दारातच ठेवून गेली. ती गेली तसा काटा एक रेघ वर आला.

यात नवल काहीच नव्हतं. तरुणपणी त्यानं सभागृहांमध्ये स्पीकर लावायचं काम केलं होतं. रिकाम्या सभागृहात जुळवलेला आवाज माणसं भरली की दबतो, हे त्या धंद्यातलं पोरसुद्धा जाणतं. गादी, पडदा, गालिचा, कपडे घातलेलं माणूस, सगळी एकाच जातीची. त्यानं वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं: या खोलीत एक माणूस म्हणजे एक रेघ.

पहिले तीन दिवस काटा चाळीसवर राहिला आणि फ्यूज मिशीतल्या मिशीत हसत राहिला. चौथ्या दिवशी सकाळी चव्वेचाळीस. दुपारी परत चाळीस. पाचव्या दिवशी दोन्ही वेळा चव्वेचाळीस, सहाव्या दिवशी चाळीस. नेलपॉलिशचे थेंब शाबूत होते. विजेचा दाब जागचा हलला नव्हता. त्यानं व्हॉल्व्ह बदलले. सगळे सांधे नव्यानं डागले. दुसरा मीटर आणला. वीज कंपनीला फोन लावून तिथल्या बाईला वाटेल ते बोलला, आणि त्या बाईनं शांतपणे "आणखी काही मदत हवी आहे का" असं विचारल्यावर फोन आपटला. सातव्या दिवशी चव्वेचाळीस.

मुंगी काही बोलायची नाही. ती फक्त वहीत डोकावायची आणि गिटारला तारा चढवायला बसायची. तिनं काही बोलावं, म्हणजे आपल्याला ओरडता तरी येईल, असं त्याला वाटायचं.

नवव्या दिवशी त्यानं काट्याकडे न बघता नुसतं ऐकलं. आवाज तिखट होता, पण नुसता तिखट नव्हता. तो जमिनीवरून उसळून वर येत होता. गालिचा नसलेल्या खोलीतला आवाज. अशा शेकडो खोल्या त्यानं ऐकल्या होत्या, त्याची चूक होणं शक्य नव्हतं. त्यानं खाली पाहिलं. खोलीभर जाड तपकिरी गालिचा पसरलेला होता आणि तो त्यावरच उभा होता. चपला काढून त्यानं तळव्यांनी तो चाचपला. मग स्वर बंद केला आणि वहीत आकडा लिहिला, शेजारी काही लिहिलं नाही.

पाच दिवसांनी वरच्या मजल्यावरचा पाइप फुटला. पाणी भिंतीवरून उतरलं आणि सकाळपर्यंत गालिचा सडक्या पोत्यासारखा वास मारायला लागला. अँप चौरंगावर होता म्हणून वाचला. गालिचा गुंडाळून बाहेर टाकला, फरशी पुसली आणि अकराला फ्यूजनं स्वर लावला. चव्वेचाळीस. त्यानं वहीची पानं मागे उलटली. आधीच्या सगळ्या चव्वेचाळिसांवर बोट ठेवत गेला. मग "योगायोग" असं इतक्या जोरानं लिहिलं की शिसाचं टोक मोडलं.

दुपारी चारला काटा सत्तेचाळीसवर गेला.

या खेपेला त्याला ऐकायला वेळ लागला नाही. अँपच्या मागच्या भिंतीला मोठी खिडकी होती आणि तिच्यावर जाड मखमली पडदा होता. आता आवाज काचेवरून येत होता. पडदा जागेवर होता, त्याची एक चुणी हललेली नव्हती, तरी आवाज नागड्या काचेवरून येत होता. फ्यूजच्या मानेवर काटा आला आणि पाठोपाठ राग आला. भ्यायची त्याला सवय नव्हती. राग ओळखीचा होता.

"या पडद्याला कुणी हात लावायचा नाही," त्या संध्याकाळी त्यानं घरात जाहीर केलं.

"तो धुवायचाय," बायको म्हणाली.

"नाही धुवायचा! कुजू दे तिथं!"

"बरं बाई. पडद्यावरून माणसाचं डोकं फिरलेलं पहिल्यांदाच बघतेय."

सहा दिवस त्यानं त्या पडद्याची राखण केली. काटा चव्वेचाळीस आणि सत्तेचाळीस यांच्यात मनाला येईल तसा हिंडत होता. तुकडा निम्म्यावर आला की आवाज फिरायचा आणि मुंगी गिटार मांडीवर आडवी ठेवून नुसती बसायची. सातव्या दिवशी तिचा बांध फुटला.

"दहा दिवस राहिलेत, बाबा. एक तुकडा धड झालेला नाही. अजूनही माझेच कान वाईट?"

खरं काय ते त्याला माहीत होतं, पण ते तोंडातून निघत नव्हतं. तोंडातून काढलं असतं तर ते खरं झालं असतं.

"बोला ना! एरवी बोलायचं थांबत नाही तुम्ही. वर्ष गेलं माझं. तुमचा अँप खरा, तुमची वही खरी, मी तेवढी खोटी!"

"गप बस!" तो ओरडला. "अंधारात बसून डोकं फिरलंय तुझं, उजेड येऊ दे जरा!" आणि त्यानं खिडकीकडे जाऊन पडदा धरला आणि सगळा जोर लावून हिसडला. दांडा खुंटीसकट उपटून आला. गिलाव्याचं ढेकूळ त्याच्या खांद्यावर पडलं आणि मखमल वरपासून खालपर्यंत टर्रकन फाटली.

तो पडद्याच्या चिंध्या हातात धरून उभा राहिला. मुंगीला वाटलं आता आणखी ओरडेल. पण तो चौरंगाजवळ खाली बसला, त्यानं वही उघडली आणि तिच्यापुढे सरकवली. गालिचा जायच्या आधीचे आकडे, गेल्यानंतरचे आकडे. आजचा आकडा त्यानं स्वर लावून तिच्यासमोरच लिहिला. सत्तेचाळीस.

"तुझं खरं होतं," तो म्हणाला. "गेल्या वर्षीपण खरं होतं. मी मूर्ख आहे."

मुंगीनं वहीची पानं उलटली. तिला रडू आलं, पण ते रागाचं होतं आणि तिनं ते लपवलं नाही. "हे आता सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "मी तुम्हाला माफ केलेलं नाही."

"नको करूस."

"आणि हे काय आहे, बाबा? तो पुढचं वाजवतो?"

"मला माहीत नाही. त्याच्या आत मी घातलेल्या तारांशिवाय काही नाही."

त्यानंतर काटा सत्तेचाळीसवर स्थिर झाला. खोलीत घालवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. उघडी फरशी, उघडी काच, एक चौरंग, मुंगीचं टेबल, दोन लाकडी स्टुलं. मुंगीनं तीन दिवस हात मोकळा करायला सराव केला आणि चौथ्या दिवशी सकाळी रेकॉर्डिंग करायचं ठरलं. शेवटच्या तारखेला सहा दिवस होते.

त्या सकाळी फ्यूजनं अकराची मोजणी केली. अठ्ठेचाळीस.

एकच रेघ. त्यानं मीटरच्या काचेवर टिचकी मारली. काटा थरथरला आणि परत तिथंच आला. या खोलीत एका रेघेची वस्तू कुठली ते पुठ्ठ्यावर त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

मुंगी टेबलाशी पाठमोरी बसून गिटार जुळवत होती. ती जाणार, त्याला वाटलं. तिला घेणार. ही खोली तिच्याशिवाय राहणार. त्याला आनंद झाला आणि आनंदाबरोबरच, सवयीनं, रागही आला. त्या आठ जणांत पोरगी बसणार, हे एका लाकडी खोक्याला बापाआधी कळावं म्हणजे काय!

पण चोख काम करायची खोड त्याला सोडत नव्हती. खात्री करायला हवी होती.

"मुंगे, जरा बाहेर जा."

"आता काय?"

"जा म्हणतोय ना. दोन मिनिटं."

ती पाय आपटत बाहेर गेली आणि तिनं दार लावलं. अँपनं तिला वगळलेलं असेल तर काटा हलायला नको होता.

काटा वर चढला. एकोणपन्नास.

म्हणजे तिला धरलेलं होतं. तो काट्याकडे बघत राहिला. मग त्यानं तिला हाक मारून आत घेतलं, जागेवर बसवलं. अठ्ठेचाळीस.

"आता मी जातो. तू हलू नकोस."

दाराला वरच्या बाजूला काच होती. त्यानं बाहेर जाऊन दार ओढलं आणि काचेला नाक लावलं. मीटर तिथून स्पष्ट दिसत होता.

अठ्ठेचाळीस.

तो आत आला. अठ्ठेचाळीस. परत बाहेर गेला. अठ्ठेचाळीस. आत येऊन तो खोलीच्या मधोमध उभा राहिला, हात पसरले, जाडा कोट खुंटीवरून काढून अंगात घातला.

काटा हलला नाही.

"काय चाललंय, बाबा?"

"दाराची फट तपासतोय."

कोपऱ्यात हातोडी होती. त्यानं ती उचलली. आठ वर्षांपूर्वी तासलेल्या त्या लाकडावर त्यानं ती उगारली. माझ्या हातचं खाल्लंस, माझ्या घरात राहिलास, आणि मला मोजत नाहीस! एका घावात काम झालं असतं. पुढे काय आहे ते अँप फोडून टळणार नव्हतं, पण मन तरी निवलं असतं.

मग त्याचं लक्ष घड्याळाकडे गेलं. बारा वाजत आले होते. तासभर स्वर चालू होता आणि काटा एका केसानंही हललेला नव्हता. गालिचा-पडद्याच्या वेळी तो असा ठाम कधी थांबला नव्हता.

त्यानं हातोडी ठेवली.

"लाव रेकॉर्डिंग. पाचही तुकडे आजच."

"आणि मधेच फिरला तर?"

"आज नाही फिरणार."

"कशावरून?"

"मी सांगतोय म्हणून!" तो खेकसला. "प्रत्येक गोष्टीला कशावरून, कशावरून! वाजव!"

मुंगीनं हेडफोन चढवले, अँपकडे पाठ केली आणि डोळे मिटले.

तो तिच्यामागे स्टुलावर बसला, अँपपासून हातभर अंतरावर. पहिला तुकडा झाला. दुसरा झाला. तिसऱ्याला तो उठला आणि अँपच्या तोंडाशी, अगदी जाळीला पोट टेकवून उभा राहिला. एवढ्या जवळ कुणी उभं राहिलं की आवाज घोंगडीतून आल्यासारखा व्हायला हवा. तो झाला नाही. स्वर त्याच्यातून पुढे गेले, स्वच्छ, एकसारखे, आणि माइकपाशी पोचले. जाळीची थरथर त्याला शर्टातून पोटाला जाणवत होती.

तो परत येऊन बसला. त्याला ओरडायचं होतं. कुणावर ते कळत नव्हतं. पोरगी असं वाजवत होती की तसं त्यानं कधी ऐकलं नव्हतं, म्हणून तो दातावर दात दाबून बसून राहिला. चौथा. पाचवा.

चार वाजता तिनं गिटार खाली ठेवली आणि सगळं पहिल्यापासून ऐकायला घेतलं. खांदे आधी ताठ होते, मग हळूहळू सैल झाले.

"एकसारखे आहेत, बाबा. पाचच्या पाच! बघू दे आता कोण म्हणतं सातत्य नाही."

"हं," तो म्हणाला.

ती लॅपटॉपवरच्या आवाजाच्या लहरी बघत आणखी थोडं ऐकत राहिली.

"आणि तुम्ही बाहेर जाऊन थांबलात ते फार बरं केलंत. खोलीत मी एकटीच आहे हे लगेच कळतंय, किती मोकळा आलाय आवाज." ती हसली. कित्येक महिन्यांत ती त्याच्यापाशी हसली नव्हती. हेडफोन न काढता, मागे न बघता ती म्हणाली, "जाताना निदान सांगून जायचं ना, बाबा."